प्रकरण निकाली

बारावीला इंग्रजीत मला एकतीस मार्क पडले. पास व्हायला पस्तीस लागायचे. तरीही आमच्या घरात इंग्रजीची जाणकार मीच होते, कारण अब्बांची शाळा चौथीत सुटलेली आणि अम्मी शाळेत गेलीच नव्हती. त्या वर्षी कॉलेज बंद, परीक्षा पुन्हा ऑक्टोबरात, म्हणून मी घरात बसून गाद्यांना टाके घालायची. अब्बांनी नवा मोठा फोन घेतला आणि त्याच दिवशी माझ्या हातात दिला. म्हणाले, "नसीम, ह्यात आपली केस दिसतीया म्हणं. तू बघत जा." अशा रीतीने इंग्रजीत नापास झालेल्या मुलीकडे आमच्या घराचं कोर्टखातं आलं.

उचगावात आमचं घर मागे आणि बळवंततात्या चौगुल्यांचं पुढे, रस्त्याला लागून. त्यांच्या गोठ्याच्या कडेनं एक बोळ होता. त्या बोळातनं अब्बांच्या वडिलांपासून आमच्या कापसाच्या गाठी आत यायच्या आणि गाद्या बाहेर जायच्या. बोळ तात्यांच्या जागेत होता हे आम्हालाही मान्य होतं, पण वहिवाट आमची. आम्ही पिंजारी, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पिंजण्याचं मशीन. ते सुरू झालं की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं, अम्मीच्या भांड्यांच्या फळीवर वाट्या एकमेकींना लागून किणकिणायच्या आणि कापसाची बारीक धूळ वाऱ्याबरोबर जिकडे जाईल तिकडे जायची. बहुतेक वेळा ती तात्यांच्या गोठ्यात जायची. धारेच्या वेळी दुधात कापूस पडतो, गिऱ्हाईक चरवीत बोट घालून दाखवतंय, असं तात्यांनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं आणि चौथ्यांदा काही न सांगता बोळाच्या तोंडाला सिमेंटच्या विटांची भिंत घातली. माणसाला जायला कडेनं अडीच फूट जागा ठेवली. तेवढी माणुसकी त्यांच्यात होती. पण डबल बेडची गादी अडीच फुटांतनं जात नाही. त्यामुळे अब्बा भिंतीच्या अलीकडनं गादी वर ढकलायचे आणि पलीकडे टेम्पोवाला ती झेलायचा. गारगोटीच्या एका लग्नाच्या गाद्या अशाच भिंतीवरनं गेल्या, त्यातली एक चिखलात पडली आणि अब्बांनी दावा लावला.

दावा तीन वर्षं चालला, आणि तीन वर्षं आमच्या घरात दूध तात्यांच्याच म्हशीचं होतं. त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. भांडण रस्त्याचं होतं, दुधाचं नव्हतं. फरक एवढाच पडला की, पूर्वी तात्यांची बायको, आमची काकी, दूध घेऊन स्वयंपाकघरापर्यंत यायची, अम्मीकडं घटकाभर टेकायची. भिंत झाल्यावर तिनं येणं बंद केलं. सकाळी सहाला ती चरवी भिंतीवर ठेवायची आणि विटेवर दोनदा चमचा वाजवायची. अम्मी आवाज ऐकून जायची, दूध ओतून घ्यायची, चरवी विसळून परत भिंतीवर ठेवायची. दोघी भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या असायच्या आणि तीन वर्षं एकमेकींना दिसल्या नाहीत. अब्बा आणि तात्या तर कोर्टाच्या तारखेला सीटवर माणसं भरणाऱ्या एकाच वडापच्या रिक्षातनं जायचे, कारण त्या वेळेला दुसरी मिळायची नाही. अब्बा पुढे बसायचे, तात्या मागे.

फोनवर केस बघायची म्हणजे एक लांबलचक नंबर टाकायचा. मग एक पान उघडायचं, त्यात दाव्याचा टप्पा लिहिलेला असायचा. मी तो वाचायची आणि अब्बांना अर्थ सांगायची. पहिल्यांदा मी बघितलं तेव्हा 'से' असं लिहिलं होतं. मी सांगितलं, "कोर्ट म्हणतंय, बोला." अब्बा त्या तारखेला बोलायच्या तयारीनं गेले आणि कुणी काही न विचारता परत आले. से म्हणजे एका बाजूच्या अर्जावर दुसऱ्या बाजूचं लेखी म्हणणं, ते वकील देतात, हे मला फार उशिरा कळलं. एकदा 'स्टेप्स' आलं. मी म्हटलं पायऱ्या. अब्बा विचार करून म्हणाले, "जिना दुरुस्तीला काढला आसंल," आणि त्या दिवशी गुडघा दुखत असल्यामुळं गेले नाहीत. स्टेप्स म्हणजे नोटीस पाठवण्यासाठी पक्षकारानं जी काय पुढची तजवीज करायची असते ती. 'अनरेडी' म्हणजे केस अजून सुनावणीला तयार नाही, पण ते आलं तेव्हा मी सांगितलं, की कोर्टच अजून तयार नाही. त्यावर अब्बांनी कोर्टाबद्दल सहानुभूती दाखवली. आता मागे वळून बघताना वाटतं, कुणीतरी मला त्याच वेळी थांबवायला हवं होतं. पण थांबवायला घरात दुसरं इंग्रजी येणारं कुणी नव्हतं.

मग 'एव्हिडन्स' आलं. हा शब्द मला खरंच येत होता. "एव्हिडन्स म्हणजे पुरावा," मी म्हटलं. अब्बांनी विचारलं, "मग मी जायाला पायजे का?" मी म्हटलं, "पुरावा तर सगळा वकिलांच्यात दिलाय की. नकाशा दिलाय, फोटो दिलेत. ते दाखवतील." अब्बांना पटलं. सीझन लग्नाचा होता, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका वसतिगृहाच्या चाळीस गाद्या भरायच्या होत्या. आमचे वकील इनामदार भले माणूस, पण त्याच सुमारास त्यांची कंबर धरली आणि ते महिनाभर पालथे झोपून होते. पुरावा म्हणजे दावा लावणाऱ्यानं स्वतः शपथेवर सांगायचं असतं, समोरच्या वकिलाच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची असतात, हे सांगायला ते फोनवर आले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. पानावर तीनदा एव्हिडन्स आलं. तिन्ही वेळा मी अब्बांना सांगितलं, "पुरावा चाललाय."

एका मंगळवारी मी नेहमीसारखं पान उघडलं तर पुढची तारीखच नव्हती. तारखेच्या जागी दोन शब्द होते, 'केस डिस्पोज्ड'. मी कपाटातली डिक्शनरी काढली. डिस्पोज : निकालात काढणे, विल्हेवाट लावणे. त्यातला 'निकाल' तेवढा मी घेतला. तरी खात्री असावी म्हणून तेच पान मराठीत करून बघितलं. मराठीत स्वच्छ लिहिलं होतं, 'प्रकरण निकाली'. मी फोन घेऊन शेडकडे पळाले. मशीन सुरू होतं, म्हणून ओरडून सांगावं लागलं, "अब्बा, निकाल लागला!" त्यांनी मशीन बंद केलं. कुणाच्या बाजूनं लागला, हे त्यांनी विचारलं नाही. दावा आम्ही लावलेला, पुरावा आमचा चाललेला. निकाल आणखी कुणाचा लागणार?

त्या दुपारी अम्मीनं दालचा केला. दुधी घालून, मटणाच्या नळ्या घालून, चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात, कारण गॅसवर केला की त्याला ती चव येत नाही असं तिचं म्हणणं आहे. अब्बांनी पाव किलो पेढे आणले आणि आठ-दहा घरांत वाटले. तात्यांच्या दारात ते स्वतः गेले. जिंकलेल्या माणसानं आधी जावं, असं ते म्हणाले. तात्या ओट्यावर कडबा मोजत बसले होते. अब्बांनी पुडा समोर धरला. "तात्या, निकाल लागलाय. तोंड गोड करा." तात्यांनी पुड्याकडं बघितलं. मग एक पेढा उचलला, सगळा एकदम तोंडात टाकला आणि म्हणाले, "बरं." एवढंच. मी बोळाच्या तोंडाशी उभी राहून हे बघत होते. मला त्यांची थोडी कीव आली, हे इथं नोंदवून ठेवते.

अब्बांना निकालाची नक्कल हवी होती. ती काचेत बसवून आमच्या गाद्यांच्या दुकानात लावायची होती. इनामदार वकील फोन उचलत नव्हते, म्हणून पुढच्या आठवड्यात मीच कोर्टात गेले. नकलेच्या खिडकीत एक बाई होत्या, डोक्यात अबोलीचा गजरा, समोर डब्यातली अर्धी पोळी. त्यांनी नंबर घेतला, रजिस्टर काढलं, मग फाइल मागवली. मी सांगितलं की काचेत बसवायची आहे, कागद जरा चांगला द्या. बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि शेवटच्या पानावरचा हुकूम वाचून दाखवला. "वारंवार पुकारूनही वादी व वादीचे वकील गैरहजर. सबब दावा वादीच्या गैरहजेरीत काढून टाकण्यात येतो."

मी विचारलं, "म्हणजे आम्ही जिंकलो?"

"न्हाय."

"मग ते जिंकले?"

"तसं पण न्हाय," बाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही आलाच नाहीसा."

मी पान दाखवलं, निकाली लिहिलंय म्हटलं. बाईंनी फोन हातात घेतला आणि त्याच पानावर खाली बोट नेलं. तिथं आणखी एक ओळ होती, निकालाचे स्वरूप. ती मी कधी वाचलीच नव्हती. "निकाली म्हणजे हितलं काम संपलं," बाई म्हणाल्या. "कसं संपलं ते खाली बघायचं. जिंकला तरी निकाली, हरला तरी निकाली, काढून घेतला तरी निकाली, मिटवला तरी निकाली. माणूस मेला तरी येका परीनं निकालीच." मग त्यांनी पोळीचा घास तोडला आणि सांगितलं की दावा परत नंबरवर घ्यायला अर्ज करता येतो, तीस दिवसांत. हुकूम होऊन किती दिवस झाले ते त्यांनीच मोजलं. अकरा झाले होते.

आता दुकानात मीच बसते. डोळ्यांना चष्मा लागलाय, दोन मुली शाळेत आहेत. कुणाकुणाला कळलंय की मला फोनवरची केस वाचता येते, त्यामुळं आठवड्यातनं दोघं-तिघं फोन पुढे करतातच. कुणी म्हणतं, "पेंडिंग लिवलंय, म्हंजे चीत झाल्याल्या पैलवानासारखं पडून हाय का?" मी सांगते, पेंडिंग म्हणजे चालू आहे. डिस्पोज्ड दिसलं की माणसाचा चेहरा उजळतो. मी त्याला आधी बसायला सांगते, मग खालची ओळ वाचते. बरेच जण जाताना उगीच एक उशी घेऊन जातात. असो.

त्या दिवशी नकलेच्या खिडकीवरनं मी बसनं उचगावला परत आले. वाटेत वाक्य जुळवत होते. अब्बांना कसं सांगायचं ह्याची मी चार वाक्यं तयार केली आणि चारही बोळापाशी येईपर्यंत निरुपयोगी झाली. बोळाच्या तोंडाला तात्या उभे होते. अंगात बनियन, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात घण. भिंत ते स्वतःच पाडत होते. वरचे तीन थर गेले होते, चौथा चालू होता. मला बघून ते थांबले. "बेलिफ यायच्या आधी आपली आपण पाडल्याली बरी," ते म्हणाले. "पोलिसांदेखत लोकांनी बघायला नगं. जा आत, वीट लागंल."

मी पळत शेडमध्ये गेले. मशीन सुरू होतं.

"अब्बा, दावा पडला!"

"व्हय," अब्बा ओरडले, "आवाज येतोय की! सकाळधरनं पाडालाय!"

"भिंत न्हाय! दावा!"

त्यांनी मशीन बंद केलं. कापूस हवेत तसाच राहिला आणि मग हळूहळू आमच्या डोक्यावर, खांद्यावर बसला. मी सगळं सांगितलं. से सांगितलं, पायऱ्या सांगितल्या, पुरावा सांगितला, चूक माझी आहे हे सांगितलं. बाहेर घण पडत होता. अम्मी दारात येऊन उभी राहिली होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं बाहेरच्या आवाजाकडं कान दिला आणि म्हणाली, "संध्याकाळपर्यंत थांबा की. तेवढी पडू दे. मग सांगा."

अब्बांनी चहा मागितला. अम्मीनं चहा आणला, तोही अर्थात तात्यांच्याच दुधाचा. अब्बा गाठीवर बसून बशीत ओतून सावकाश प्याले. तेवढ्यात आणखी एक थर पडला. मला आजही सांगता येणार नाही की, ते चहा पीत होते का थर मोजत होते. मी त्यांना कधी विचारलं नाही. एवढं मात्र आठवतंय की, कप रिकामा झाल्यावरही ते थोडा वेळ बसले होते. माझ्या मनात काय होतं तेही सांगायला हवं. मला वाटत होतं, अम्मीचं ऐकावं. भिंत पडली की माझी चूक कुणाला दिसणार नव्हती.

मग ते उठले, अंगावरचा कापूस झाडला आणि मला म्हणाले, "चल. तू सांगितल्यालं, तूच संगं पायजेस."

तात्या विटांच्या ढिगावर एक पाय ठेवून उभे होते. अब्बा म्हणाले, "तात्या, थांबा. निकाल लागला न्हाय. आमचा दावा काढून टाकलाय. आम्ही तारखेला गेलतोच न्हाय."

तात्यांनी घण खाली ठेवला. "आन् मग पेढे?"

"पोरीनं चुकीचं वाचलं. मी चुकीचं ऐकलं."

"म्हंजे मी पाडायची गरज नव्हती."

"न्हाय."

तात्यांनी बनियनच्या खिशातनं फोन काढला. त्यांच्या वकिलांचे सात फोन येऊन गेले होते. पुराव्याच्या तारखांना ते स्वतः गेले नव्हते, आणि हरलोय तर ऐकायचं कशाला, म्हणून त्यांनी एकही फोन उचलला नव्हता. आमच्यासमोर त्यांनी फोन लावला आणि पलीकडून वकिलांचा आवाज आम्हाला दोघांनाही ऐकू आला. ते तात्यांचं अभिनंदन करत होते. तात्या "व्हय, व्हय" म्हणाले, फोन ठेवला आणि पायाखालच्या विटांकडं बघितलं. मग अब्बांना म्हणाले, "तुम्ही सांगाय का आलासा? दोनच थर ऱ्हायलेत."

"पेढा खाल्लासा तुम्ही," अब्बा म्हणाले. "मी दिलेला."

तात्यांनी घण उचलला आणि आत निघून गेले. पुढचे चार दिवस भिंत तशीच होती, गुडघाभर. तात्यांनी पाडली नाही आणि बांधलीही नाही. अब्बांनी गाद्या तिच्यावरून नेल्या नाहीत, टेम्पोवाल्याला उद्या ये, उद्या ये म्हणत राहिले. एकाच भिंतीनं दोन्ही घरांची पंचाईत केली होती. मी जेवत नव्हते. मला कुणी रागवत नव्हतं, त्याचाच त्रास जास्त होत होता.

अडचण झाली ती काकीची. गुडघाभर भिंतीवर चरवी ठेवली तर कुत्रं तोंड घालायचं. पहिल्या दिवशी ती चरवी धरून भिंतीपाशी नुसती उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं लुगडं वर धरलं, कडेच्या वाटेत पडलेल्या विटा ओलांडल्या आणि सरळ आमच्या स्वयंपाकघरात आली. अम्मी भाकरी थापत होती. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. काकी म्हणाली, "वाळलीस की गं." अम्मी म्हणाली, "तुझं केस गेलं की सगळं." मग काकी टेकली आणि तासभर उठली नाही. तिकडं तात्या तिच्या नावानं दोनदा ओरडले. ती तिथनंच ओरडली, "येतोय की! का मशी पळाल्या?"

पाचव्या दिवशी तात्या स्वतः आले. शेडच्या दारात उभे राहिले, आत आले नाहीत. म्हणाले, "बोळ देतो. पर धारंच्या टायमाला तुमचं मशीन बंद पायजे. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. आन् माझ्या गोठ्याच्या अंगाला जाळी मारायची, बारीक." अब्बा म्हणाले, "मारतो." तात्या म्हणाले, "तोंडी नगं. माझी पोरं उद्या काय म्हणतील मला ठावं न्हाय. कोर्टात लिवून घिऊया." अब्बा म्हणाले, "दावा तर मेलाय." तात्या माझ्याकडं बघून म्हणाले, "मग तो उठवा की. पोरीला इचारा कसा उठवायचा त्यो."

इनामदार वकील पालथे पडूनच अर्ज सांगत होते, त्यांची मुलगी लिहून घेत होती. अब्बा आजारी होते असं लिहू, म्हणाले. अब्बा म्हणाले, "मी आजारी नव्हतो, गाद्या भरत होतो. तुम्ही आजारी होतासा, ते लिवा." तसंच लिहिलं गेलं. अर्ज चोविसाव्या दिवशी दाखल झाला. त्यावर तात्यांचा से मागवला आणि ह्या वेळी मला त्याचा अर्थ माहीत होता. तात्यांच्या वकिलांनी दोन शब्द लिहून दिले, हरकत नाही. ते लिहिताना त्यांचा चेहरा फार दुःखी होता. दावा परत नंबरवर आला आणि त्यानंतरच्या तारखेला दोन्ही बाजूंनी तडजोडीचा कागद हजर केला.

त्या तारखेला आम्ही सगळे गेलो. अब्बा, अम्मी, मी, तात्या, काकी. मी तोपर्यंत कोर्ट आतनं बघितलं नव्हतं. पंखे फार उंचावर होते आणि वारा खाली येत नव्हता. पुकारा झाला तेव्हा अब्बा इतक्या जोरात "हजर!" म्हणाले की पट्टेवाला दचकला. जज्जसाहेबांनी कागद वाचला, बोळ नऊ फुटांचा, जाळी बारीक, मशीन धारेच्या वेळी बंद, असं एकेक कलम विचारून घेतलं. अब्बांनी सगळ्याला होय म्हटलं. मग साहेबांनी तात्यांना पुढं बोलावलं.

"चौगुले, दावा तर तुमच्या विरुद्ध होता. ही तडजोड तुम्ही स्वखुशीनं करताय ना? कुणाचा दबाव?"

तात्यांनी टोपी काढली आणि ती हातात फिरवू लागले. काकीनं मागनं त्यांच्या पाठीला बोट टोचलं.

"दबाव न्हाय साहेब," तात्या म्हणाले. "भिंत मीच पाडलीया. चुकून पाडली. आता परत बांधायचा कटाळा आलाय."

साहेबांनी चष्म्यावरनं त्यांच्याकडं बघितलं, मग अब्बांकडं, मग माझ्याकडं. मग ते लघुलेखकाकडं वळले आणि म्हणाले, "लिहा. स्वखुशीने."